पाट्यांचा हिशेब

सरकारी सेवेत असताना मी एकदा एक खोटा आकडा लिहिला. त्यासाठी मला कोणी लाच दिली नव्हती, कोणी दडपण आणले नव्हते, आणि त्याबद्दल आजतागायत मला कोणी जाबही विचारलेला नाही. सदतीस वर्षांच्या नोकरीत हातून झालेल्या इतर चुका काळाच्या ओघात विसरून गेलो. हा आकडा मात्र विसरता आला नाही. तो पुसता येण्याजोगाही राहिलेला नाही, हे त्याचे मुख्य कारण. वाचकांपुढे आज ती गोष्ट मांडतो आहे, ती केवळ मन हलके करण्यासाठी नव्हे. समुद्रातील मासळी राखण्यासाठी जगातील राष्ट्रे एकमेकांशी जो शास्त्रीय व्यवहार करतात, त्याचा पाया किती साध्या ठिकाणी घातलेला असतो, हे मला त्या एका चुकीमुळे उमगले.

१९८८ सालची गोष्ट. गोवा घटक राज्य होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी सेवेत शिरलो होतो आणि दक्षिणेकडील एका किनारी तालुक्यात माझी नेमणूक होती. मासळी उतरवण्याची पाच ठिकाणे माझ्याकडे सोपविलेली. तेथे ठरल्या दिवशी जायचे, किती होड्या आल्या ते पाहायचे, बांगडे किती, तारली किती, सुंगटे किती हे पाट्यांवरून मोजायचे, पाट्यांचे किलो करायचे आणि महिनाअखेर एक विवरणपत्र भरून वर पाठवायचे. त्या वर्षी ऑक्टोबरात मला मलेरिया झाला. सुमारे तीन आठवडे अंथरुणावर गेले. विवरणपत्र पाठवण्याची तारीख तर समोर आलेली. मी गतवर्षीच्या ऑक्टोबरचे विवरणपत्र काढले, प्रत्येक रकान्यात पाच टक्के मिळवले आणि सही करून पाकीट टपालात टाकले.

पाच टक्केच का, तेही सांगितले पाहिजे. आकडा घटला तर ‘घट का झाली’ याचे स्पष्टीकरण द्यावे लागे. वीस टक्के वाढला तर कोणाच्या तरी भुवया उंचावत. पाच टक्के वाढीला मात्र कोणीच काही विचारत नसे; योजनेत धरलेल्या वाढीशी ती जुळत असे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षात मी एवढे शहाणपण कमावले होते.

नोव्हेंबरात बरा होऊन किनाऱ्यावर गेलो, तेव्हा रापण ओढून झाली होती. वाळूवर चार-पाच पाट्या होत्या आणि त्यांभोवती तीसेक माणसे उभी होती. म्हातारे तांडेल मला नातवाप्रमाणे वागवीत. मी त्यांना मामा म्हणत असे. महिनाभर कसा गेला, असे मी विचारले, तेव्हा कळले की संपूर्ण ऑक्टोबरात रापणीला बांगडा असा लागलाच नव्हता. दोन कुटुंबांनी तर जाळ्यातील आपला वाटा गहाण टाकला होता. मी काही न बोलता वही उघडली. मामांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “सायब, तुमी मागीर कितें बरयलें?” मी खरे ते सांगितले. त्यावर ते रागावले नाहीत. थोडा वेळ समुद्राकडे पाहून म्हणाले, “आमच्या रांपणीक बांगडो लागलो ना, आनी तुमच्या कागदार तो वाडलो?” आणि टोपली उचलून निघून गेले.

सुधारित विवरणपत्र पाठवता आले असते. मी ते पाठवले नाही. एका तालुक्याच्या एका महिन्याच्या आकड्याने काय होणार, अशी मी मनाची समजूत घातली. ती किती पोकळ होती, हे पुढे तीन वर्षांनी कोची येथे एका प्रशिक्षणाला गेलो तेव्हा कळले.

तेथे एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी फळ्यावर आकड्याचा प्रवास काढून दाखवला. होडीतून पाटी, पाटीतून किनाऱ्यावरची वही, वहीतून तालुका, तालुक्यातून राज्य, राज्यातून दिल्ली आणि दिल्लीहून रोम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेकडे १९५० सालापासूनचे जगभरच्या मासेमारीचे वार्षिक आकडे आहेत आणि कोणत्या समुद्रातून किती मासळी निघते, हे सारे जग त्यावरून ठरवते. रोमच्या माणसाने कधी आमची वाळू पाहिलेली नसते. त्याच्यापुढे असतो तो कागद. ते ऐकत असताना माझ्या डोळ्यांसमोर माझी सही येत होती.

त्याच शास्त्रज्ञांनी ‘अंदाज’ आणि ‘अदमास’ यांतील भेद आम्हांला समजावला. हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावरील प्रत्येक पाटी मोजणे कोणालाही शक्य नाही. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडायचे, त्यातील काही ठिकाणे आणि महिन्यातील काही दिवस कोणत्याही पसंतीविना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडायचे, तेथे काटेकोर मोजणी करायची आणि तिच्यावरून एकूण उतरवणी काढायची. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात रुजवली. या अंदाजात चूक असते. पण ती किती असू शकेल हे सांगता येते. अदमासात तसे सांगता येत नाही, कारण तो माणसाच्या सोयीने चालतो. पाच टक्क्यांचा माझा आकडा हा अदमास होता.

समुद्रातील मासळीची मोजणी हे एका राष्ट्राचे काम नव्हे, हे युरोपला फार पूर्वी कळले. पण तेही ठेच लागल्यावर. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली या थोर जीवशास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या मोठ्या समुद्री मासळीचा साठा बहुधा कधीच आटणार नाही, असे मत मांडले होते. तेव्हाच्या जाळ्यांकडे पाहता ते अगदीच अडाणीपणाचे नव्हते. परंतु वाफेवर चालणारे ट्रॉलर आले आणि उत्तर समुद्रातील कोळी मासे कमी झाल्याच्या तक्रारी करू लागले. १९०२ साली कोपनहेगन येथे आठ राष्ट्रांनी समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. समुद्राचे तापमान व खारेपणा एकाच रीतीने मोजावा, मासळीच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात, असा तिचा आग्रह होता. पुढे पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील मासेमारी बरीचशी थांबली आणि युद्धानंतर जाळ्यांत मोठ्या व भरपूर मासळीची आवक झाली. माणसाने हात आखडता घेतला तर समुद्र भरून येतो, याचा तो अनपेक्षित पुरावा होता. नोंदी एकसारख्या होत्या म्हणूनच तो ओळखता आला.

आपल्या हिंदी महासागराचीही अशीच एक कथा आहे, आणि तिचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची मिळून सुमारे चाळीस जहाजे या महासागरात फिरली; आपल्या नौदलाची ‘कृष्णा’ ही नौकाही तीत होती. समुद्रातील मासळीचे मूळ अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. ते गोळा करण्यासाठी एक प्रमाण जाळे ठरवण्यात आले: तोंड एक चौरस मीटरचे, आणि दोनशे मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचे. जहाज कोणत्याही देशाचे असो, या कामासाठी जाळे तेच. आणि ते नमुने तपासणीसाठी येत कोचीच्या केंद्रात. प्रशिक्षणाच्या काळात त्या संग्रहातील काचेच्या बाटल्या मी पाहिल्या. शीतयुद्धाच्या ऐन भरात, ज्या देशांच्या आरमारांनी एकमेकांवर नजर ठेवली होती, त्या देशांच्या जहाजांनी एकाच मापाच्या जाळ्याने भरलेल्या त्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. दोनापावलाच्या टेकडीवरील ती इमारत आपण जाता-येता पाहतो. तिचा जन्म अशा सहकार्यातून झाला, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

पुढे १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने कोची येथून तारली आणि बांगडा यांच्या संशोधनाचा प्रकल्प चालला. त्यासाठी दोन जहाजे होती: ‘सार्डिनेला’ आणि ‘रास्ट्रेलिगर’. ही दोन्ही नावे म्हणजे तारली व बांगडा यांचीच शास्त्रीय नावे. ध्वनिलहरी पाण्यात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासळीचे थवे मोजण्याचे काम या जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर केले. आमच्या घरी ताटात येणाऱ्या बांगड्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणि आपले शास्त्रज्ञ एका जहाजावर राहून रात्री जागवीत होते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ऑक्टोबरचा तो रकाना भरताना माझा हात कदाचित थबकला असता.

आकडा चुकल्याने काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याचे आहे. तेथील कॉड माशावर जवळजवळ पाच शतके वस्त्या जगल्या. १९६८ साली परदेशी ट्रॉलरांच्या ताफ्यांसह एकट्या उत्तरेकडील कॉडची पकड सुमारे आठ लक्ष टनांवर गेली. १९७७ साली कॅनडाने दोनशे सागरी मैलांचा प्रदेश आपल्या अखत्यारीत घेतला आणि आता मासळी आपण शास्त्रीय पद्धतीने राखू, असा विश्वास निर्माण झाला. पण साठ्याचा हिशेब करताना मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर फार भर दिला गेला. मासळी घटत असली तरी उरलेली एकत्र गोळा होत असे, ट्रॉलरांची यंत्रे ती नेमकी हुडकून काढीत, आणि त्यामुळे पकड चांगली दिसे. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून जाणारे मच्छीमार सांगत होते की मासा कमी येतो आहे आणि जो येतो तो लहान आहे. त्यांच्या बोलण्याला कागदावर रकाना नव्हता. २ जुलै १९९२ रोजी सरकारला तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी तब्बल ३२ वर्षांनी, २०२४ साली उठली, आणि तीही वर्षाला अवघ्या १८,००० टनांच्या मर्यादेने. हे सारे मी प्रथम वाचले तेव्हा मला तांडेलमामांची आठवण झाली. ते इंग्रजी जाणत नव्हते, न्यूफाउंडलंडचे नावही त्यांनी ऐकले नसेल. पण तेथल्या मच्छीमारांची तक्रार त्यांनी माझ्याकडे एका वाक्यात नोंदवली होती.

दुसरे उदाहरण माझ्या अधिक जवळचे आहे. २००१ साली रेग वॉटसन आणि डॅनियल पॉली या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. जगाची समुद्री पकड वाढत आहे असे तोवर आकडे सांगत होते. या दोघांनी दाखवले की चीनकडून येणारे आकडे समुद्राच्या उत्पादकतेशी जुळत नाहीत, ते फुगवलेले आहेत. आणि ते वजा केले तर जगाची पकड १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घसरत आली आहे. फुगवट्याचे कारण त्यांनी दिले ते असे, की उत्पादन वाढवून दाखवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना त्याचा लाभ होत असे. त्या ओळींपाशी मी थांबलो. चीनच्या कोण्या किनारी गावातील, मला कधीही न भेटणारा तो अधिकारी मला अगदी परिचित वाटला. त्यानेही गतवर्षीचा कागद काढला असेल. अशा असंख्य रकान्यांनी मिळून साऱ्या जगाला काही वर्षे गाफील ठेवले होते.

तर मग राष्ट्रांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर मला दक्षिणी ब्ल्यूफिन कुपा या माशाच्या हकिगतीत सापडले. हा अवाढव्य मासा अंडी घालतो तो हिंदी महासागरात, जावा बेटाच्या दक्षिणेस. आणि मग ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडील तिन्ही महासागरांत भटकतो. जपानी बाजारात त्याला फार मोल येते. १९९४ साली ऑस्ट्रेलिया, जपान आणि न्यूझीलंड यांनी त्याच्यासाठी एक आयोग स्थापन केला व प्रत्येकाचा वाटा ठरवला. २००६ साली जपानी बाजारातील विक्रीचे आकडे आणि आयोगाकडे कळवलेली पकड यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा अनेक वर्षे ठरल्यापेक्षा पुष्कळ अधिक मासे बाजारात आल्याचे उघडकीस आले. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातील पिंजऱ्यांतल्या मोजणीबद्दलही शंका घेतल्या गेल्या. येथे आयोग मोडला असता तर आश्चर्य वाटले नसते. तसे घडले नाही. जपानचा वार्षिक वाटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आणला गेला आणि जपानने तो मान्य केला. २०१० पासून पकडलेल्या प्रत्येक माशाला क्रमांकाची खूण लावून बाजारापर्यंत त्याचा माग ठेवण्याची पद्धत सुरू झाली.

पण मागचे आकडे तर बिघडलेलेच होते. त्यांवरून साठ्याचा हिशेब कसा मांडणार? ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी कोणाच्याही वहीवर विसंबून न राहता माशांनाच विचारायचे ठरवले. इंडोनेशियाच्या बाली बेटावर उतरणारे प्रौढ मासे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात पकडली जाणारी त्यांची पिले यांच्या मांसाचे हजारो नमुने घेतले आणि त्यांतील जनुकांवरून कोण कोणाचे अपत्य आहे ते शोधले. समुद्रात प्रौढ मासे थोडे असतील तर अशा जोड्या जास्त सापडतील, पुष्कळ असतील तर कमी, असा हा सरळ हिशेब. सापडल्या ४५ जोड्या. त्यावरून प्रौढ माशांची संख्या काढता आली. इंडोनेशियाच्या बंदरावर नमुना घेणारा मदतनीस, ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळा आणि जपानी नौकांच्या नोंदी हे सारे एका गणितात आले. किती पकडायचे हे वाटाघाटींऐवजी आधीच मान्य केलेल्या सूत्राने ठरवण्याचे २०११ साली बालीत ठरले. अंडी घालणाऱ्या माशांचा साठा तेव्हा मूळच्या सुमारे पाच टक्क्यांवर आला होता. २०२० च्या पाहणीत तो वीस टक्क्यांवर पोहोचल्याचे आढळले. अजूनही तो मासा धोक्याबाहेर नाही. पण २०२१ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी वर आणले गेले. खोटे उघडकीस आल्यावर सहकार्य संपले नाही. उलट तेथूनच ते खरे झाले.

माझे एक मित्र, तेही निवृत्त अधिकारी, हे सारे ऐकून नेहमी एकच आक्षेप घेतात. श्रीमंत राष्ट्रांच्या जहाजांनी समुद्र उपसला आणि आता संयमाचे पाठ आपल्या रापणकारांना का, असे ते विचारतात. आक्षेप खोटा नाही. हिंदी महासागरातील कुप्यांसाठी १९९६ पासून एक आयोग आहे, त्याचे कार्यालय सेशल्सला आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. तेथे दूरदेशीच्या मोठ्या ताफ्यांचा पूर्वापार वाटा मोठा की किनाऱ्यावरील राष्ट्रांचा हक्क मोठा, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गोव्यातही हा वाद आपण लहान प्रमाणात पाहिला आहे. १९७० च्या दशकात ट्रॉलर आणि रापणकार यांच्यात संघर्ष पेटला, माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी आंदोलने केली, आणि मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. मोठ्या जाळ्याने लहान जाळ्याचा घास घ्यावा, ही तक्रार मुंबईपासून मादागास्करपर्यंत सारखीच आहे.

पण म्हणूनच मी मित्रांना उलट विचारतो: त्या मेजावर आपण काय घेऊन जाणार? जमिनीवर हक्क सांगायचा तर आपण एक-चौदाचा उतारा पुढे करतो. समुद्रावर कोणाचे नाव चढत नाही. कोणत्या राष्ट्राने, कोणत्या होड्यांनी, किती वर्षे, किती मासळी आणली याची नोंद हाच तेथला उतारा. वाट्यांची चर्चा होते तेव्हा जुन्या पकडीचे आकडे पुढे ठेवले जातात. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांच्या नोंदी असतात; रापणीच्या पाट्यांची नोंद ठेवायला कोण असते? मी होतो, आणि मी ती ठेवली नाही. मामांचा रिकामा ऑक्टोबर कागदावर आला असता, तर आपल्या वाट्याचे काय झाले हे विचारण्याचा तो त्यांचा आधार ठरला असता. मी त्यांच्या घरात नसलेली मासळी कागदावर घातली आणि त्यांचा पुरावा काढून घेतला.

शिवाय समुद्र आपल्या स्वभावानेही वर-खाली होत असतो. केरळात २०१२ साली सुमारे चार लक्ष टन तारली उतरली होती. २०२१ साली ती जेमतेम ३,३०० टन झाली, आणि नंतर पुन्हा परतली. यांत समुद्राच्या तापमानाचा भाग किती आणि जाळ्यांचा किती, हे वेगळे करायचे तर दशकांच्या खऱ्या नोंदी हव्यात. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुटुंबांची ओढाताण होते. त्यांनी ती कशासाठी सोसावी हे सांगायचे असेल, तर आपल्या हातातला कागद स्वच्छ असला पाहिजे.

पुढे मी वरच्या पदावर गेलो. माझ्या हाताखालच्या एका तरुण कर्मचाऱ्याचे विवरणपत्र एकदा मला संशयास्पद वाटले. सर्व रकान्यांत नेमकी पाच टक्के वाढ होती. मी त्याला बोलावले. तो घाबरला, आई इस्पितळात होती, किनाऱ्यावर जाता आले नाही, असे त्याने सांगितले. मी त्याला ज्ञापन दिले नाही. रकाने खोडून तेथे ‘नोंद नाही’ असे लिहायला सांगितले. “सर, रिकामे पाठवले तर वरून विचारणा येईल,” तो म्हणाला. “येऊ दे, उत्तर मी देतो,” मी म्हणालो. विचारणा आली आणि मी उत्तर दिले. त्यानंतर माझ्याकडून गेलेल्या विवरणपत्रांत ‘नोंद नाही’ हे शब्द अधूनमधून दिसू लागले. माझ्या हातून झालेले हे एवढेच प्रायश्चित्त.

निवृत्तीपूर्वीच्या वर्षी मी १९८८ च्या त्या आकड्याबद्दल एक टिपण लिहून वर पाठवले. छापून गेलेल्या जुन्या आकड्यांत आता बदल करता येत नाही, असे मला सौजन्याने कळवण्यात आले. ते बरोबरच होते. कोणी संशोधक आपल्या किनाऱ्याच्या बांगड्याची चाळीस वर्षांची रेषा काढील, तेव्हा ती माझ्या तापाच्या महिन्यावरून जाईल आणि तेथे खाली उतरायच्या ऐवजी किंचित वर चढेल. त्याला ते कळणार नाही.

तांडेलमामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा नातू ट्रॉलरवर असतो. गेल्या ऑक्टोबरात सकाळी फिरत मी जेटीवर गेलो होतो. एक तरुण मुलगी फूटपट्टी घेऊन बांगडे एकेक करून मापत होती आणि लांबी भ्रमणध्वनीत नोंदवीत होती. भोवतालची माणसे तिची थट्टा करीत होती. मामांच्या नातवाने मला ओळखले आणि हसत म्हणाला, “काका, ही रोज येता. नुस्तें नासलें तरीय येता.” मासळी नसली तरी येते. त्या दिवशी त्याच्या होडीला फारसे काही लागले नव्हते. मी तिच्या नोंदीत डोकावून पाहिले. त्याच्या होडीच्या पुढे तिने दोन पाट्या लिहिल्या होत्या. मी खाली पाहिले, दोनच होत्या.